तीन नवे पत्ते

हितचिंतकाचा चौथा मेल आला तेव्हा भाविका एका म्हाताऱ्याचा रेशनकार्डाचा फॉर्म भरत होती.

‘मुलगा दारू पितो. कारखान्यातल्या एका मुलीशी त्याचं जुळलेलं आहे. वडिलांना सांगून लग्न मोड. तुझा हितचिंतक.’ पाठवणाऱ्याचा पत्ता दर वेळी नवा.

तिने मेल मिटवला आणि म्हाताऱ्याच्या हातात पावती दिली.

धसईच्या बाजारात फॉर्म भरायचं दुकान चालवताना तिने एक घोळ स्वतःच्याच हाताने करून ठेवला होता. गिऱ्हाइकांकडे ईमेल नसायचा, म्हणून प्रत्येकाच्या फॉर्मात ती आपलाच पत्ता घालायची. पाच वर्षांत अर्ध्या पंचक्रोशीचं टपाल तिच्याकडे येऊ लागलं. भरतीच्या जाहिराती, कर्ज घ्या, केस गळणं थांबवा, सगळं एका डब्यात. शिवाय पत्ता दुकानाच्या पाटीवरही होता. म्हणजे हितचिंतक शोधायचा तर अख्खा बाजार संशयित.

साखरपुडा होऊन दोन महिने झाले होते. मुलगा शहापूरचा, विपुल, आसनगावला कारखान्यात. लग्नानंतर दुकान बंद, असं त्याच्या वडिलांनी बैठकीतच सांगितलं होतं आणि भाविकाच्या बाबांनी मान डोलावली होती. आता निनावी मेलवरून सोयरीक मोडली असती तर मुलाला कोणी काही बोललं नसतं. पोरीचंच कायतरी असंल, एवढं म्हणायला गाव मोकळं. बाबांना ते जन्मभर ऐकावं लागलं असतं. भाविकाची झोप उडाली होती ती याने.

संध्याकाळी विपुलचा फोन आला. तिने त्याला सांगून टाकलं.

“परत आला मेल.”

“येऊ दे गो. तू बाबांना दाखवलास?”

“नाय. उगाच त्यांच्या जिवाला घोर.”

“दाखव पायजे तर. मला राग नाय येणार.”

“तुमच्या बाबांना कळलं तर?”

“त्यांच्यासमोर कोनाचं काय चालतंय?” तो म्हणाला आणि पत्रिकेच्या रंगाकडे वळला.

किती समजूतदार माणूस, असं भाविकाची आई म्हणाली. भाविकाने मान हलवली.

मग तिने मामेबहिणीला, ठाण्याच्या ऑफिसात काम करणाऱ्या कुणालीला विचारून फिल्टर लावला. मेलमध्ये ‘हितचिंतक’ शब्द दिसला की तो न दाखवता थेट कचऱ्यात. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी हितचिंतक ‘शुभचिंतक’ होऊन आला. गडी हुशार होता.

“असं नाय होणार,” कुणाली फोनवर म्हणाली. “ज्याच्यावर डाऊट आहे, त्या प्रत्येकाला वेगळा पत्ता दे. सांग, जुना बघणं बंद केलं. ज्या पत्त्यावर घाण येईल, तो माणूस आपला.”

संशय दोघांवर होता. एक किशोर, मुरबाडचा प्रिंटर दुरुस्त करणारा. गेल्या साली त्याचं स्थळ हिने नाकारलं होतं. दुसऱ्या शेजारच्या रत्नाकाकी. त्यांना आपली भाची विपुलला द्यायची होती, आणि त्यांचा मुलगा संजू दिवसभर मोबाइलवरच असायचा. भाविकाने एक पत्ता किशोरला दिला, बिलांसाठी. एक संजूला, परीक्षेच्या हॉलतिकिटासाठी. विपुल पत्रिकेचे नमुने मेलवर धाडायचा, त्यालाही एक देणं भागच होतं. जुन्या पत्त्यावर फक्त सरकारी मेल राहू दिले, बाकी सगळे फिल्टरच्या हवाली केले. पाटीवरचा पत्ता तिने रंगाने पुसून टाकला.

आणि काय शांतता झाली! पहिल्यांदाच डबा उघडला की सात-आठ मेल, तेही कामाचे. केस गळणं थांबलं, कर्जं थांबली, शुभचिंतकही थांबला. भाविकाला इतकं हायसं वाटलं की दुपारी दुकानात ती चक्क गुणगुणू लागली. किशोरचं बिल आलं, संजूचं हॉलतिकीट आलं, दोन्ही सरळ. नाहक संशय घेतला म्हणून तिने रत्नाकाकीच्या घरी वालाच्या शेंगा नेऊन दिल्या.

“चेहरा बघ कसा उजळला पोरीचा,” आई म्हणाली. “लगीन जवल आलं ना. देवजीकाकांशी दुकानाचं बोललीस का गो?” देवजीकाका गाळ्याचे मालक.

“बोलले.”

“काय म्हनले?”

“बरं म्हणाले.”

आईचा जीव भांड्यात पडला.

नवव्या दिवशी, दुकान उघडून तिने उदबत्ती लावली आणि मेल आला. ‘पत्ता बदललास तरी खरं बदलत नाही. त्या मुलीला तो सोडणार नाही. अजून वेळ आहे, वडिलांना दाखव.’

भाविकाने आधी मजकूर वाचला नाहीच. मेल कोणत्या पत्त्यावर आलाय, ते बघितलं. मग पुन्हा बघितलं.

तो पत्ता तिने विपुलखेरीज कोणालाही दिलेला नव्हता.

ती खुर्चीत बसून राहिली. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं ते हसू, आणि मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर आलं. हे लग्न नको असं बापाला सांगायची छाती नाही म्हणून बिचारा स्वतःलाच दारुडा ठरवत बसला होता. एवढं मोकळं तिला साखरपुड्यापासून एकदाही वाटलं नव्हतं.

बाहेर गिऱ्हाईक उभं होतं. त्याला बसायला सांगून तिने त्याच मेलला उत्तर लिहिलं.

‘विपुल, घाबरू नका. रविवारी घरी या, दोघं मिळून सांगू. देवजीकाकांशी दुकानाचा करार मी साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी आणखी तीन वर्षांनी वाढवून घेतलाय.’