खुंटी कधी चुकत नाही

"बारा सेंटिमीटर? काहीतरीच काय बोलतेस!" काका उखडले.

मोजणीदारीण यंत्राच्या पडद्याकडे पाहतच राहिली. काकांच्या अंगणातल्या लोखंडी खुंटीवर अख्ख्या शहराचा नकाशा बेतलेला. मोजणी खात्यात नोकरीला असताना काकांनी स्वतःच ठोकलेली ती! तिची जागा दोन वेगळ्या दिवशी मोजायची. आकडे जुळले की नकाशा पास आणि हिची नोकरी कायम. आज बुधवार, आणि खुंटी सोमवारपेक्षा बारा सेंटिमीटर पूर्वेला दिसत होती.

"चुका तीनच प्रकारच्या, पोरी. यंत्राची, हवेची, नाहीतर माणसाची. खुंटी कधी चुकत नाही."

"म्हणजे माझीच," खुंटीच्या बुडाशी बोट फिरवत ती म्हणाली.

तेवढ्यात काकांचा मुलगा चहा घेऊन आला. हा घड्याळं दुरुस्त करायचा. पस्तिशी उलटली तरी मुलगी समोर आली की याची दातखीळ बसायची. पण सोमवारी गडी हिच्याशी चक्क तासभर बोलला होता. काका खिडकीतून बघतच राहिले होते.

"ढगांमुळे होत असेल," तो म्हणाला. "परवा परत या ना." आणि कानापर्यंत लाल झाला.

शुक्रवारी ती आली, तर खुंटी सोमवारपेक्षा बारा सेंटिमीटर पश्चिमेला! त्यात साहेबांचा फोन: उद्या जुळलं नाही तर तुमच्या जागी दुसरा माणूस. मुलाचा चेहरा पार उतरला. काका कंबर धरून पायरीवर बसले होते. हाताला पट्टी.

"बागेत जरा खुरपलं," ते म्हणाले.

शनिवारी आकडा सोमवारशी तंतोतंत जुळला. तिनं तिथूनच अहवाल पाठवला, बाजूला जाऊन साहेबांशी फोनवर बोलली आणि टुणकन उडीच मारली. त्या भरात मुलानं लग्नाचं विचारून टाकलं, आणि ती हो म्हणाली! काकांना आनंदानं काही सुचेना. मुलगा तर चप्पल न घालताच दुकान बंद करायला पळाला.

काका हळूच तिच्याजवळ सरकले.

"पोरी, अहवालात चूक कुणाची लिहिलीस?"

"माणसाची."

"अगं, पण नोकरी..."

"कायम झाली. साहेब पोट धरून हसले." ती यंत्र पेटीत ठेवू लागली. "बुधवारीच बोटाला माती भुसभुशीत लागली होती. पुढच्या वेळी खुंटी हलवलीत, तर वरून माती नीट दाबा हं, बाबा."