आधी तुम्ही, काका

धक्क्यावर तीन होड्या होत्या, तीन रिमोट आणि एक ओला टॉवेल. पाण्यात दोन नारिंगी बोये तरंगत होते. खुर्चीत एक बाई बसली होती, गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच. शिवाय एक होऊ घातलेला जावई होता. त्याला मोजणीत धरायचं की नाही, हे या शर्यतीनंतर ठरणार होतं.

जावई दातांचा डॉक्टर. त्याची होडी निळी. लाल होडी मुलीच्या वडिलांची. त्यांचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा, पण क्लबात सगळे त्यांना कमोडोर म्हणत आणि ते ओ देत. खुर्चीतली बाई मुलीची आई. तिसऱ्या स्पर्धकाची मोटर सकाळीच जळाली होती आणि अंतिम शर्यतीला तीन होड्या लागतातच, म्हणून मुलीची पांढरी होडी भरतीला घेतली होती. जिंकणाऱ्याला क्लबातर्फे मोठ्या स्पर्धेला जायला मिळणार होतं. जागा एकच.

डॉक्टरला त्या जागेचं काही पडलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी मुलीने त्याला बजावलं होतं, "उद्या बाबांना हरवलंस तर लग्नाचं विसर. गेल्या वर्षी एका वळणावर कोणीतरी त्यांच्या पुढे गेलं, तर आठवडाभर आमच्याशी खुणांनी बोलत होते."

"मग बंदच पाडू का होडी?"

"वेडा आहेस का? मुद्दाम हरलास हे कळलं तर त्याहून वाईट. हळू चालव. जमेल तितकं हळू. बाकी मी बघते."

म्हणून डॉक्टरने रिमोटवर वेग निम्म्यावर आणून ठेवला होता. रोज परक्या माणसांना 'अजिबात दुखणार नाही' असं सांगणाऱ्याला एवढं नाटक अवघड नव्हतं.

"काय डॉक्टर, बॅटरी फुल ना?" कमोडोरांनी विचारलं.

"फुल, काका. तुमची?"

"आमची कसली! म्हातारी झालीय, मालकासारखी."

कमोडोर असं बोलल्याचं क्लबात कोणी कधी ऐकलं नव्हतं.

शिट्टी वाजली. फेऱ्या सहा. एरवी या होड्या सुटल्या की पाण्यावर उठतात, फक्त शेपूट टेकलेली असते. निळी उठली नाही. डबक्यात बसलेल्या म्हशीसारखी पोटाने पाणी ढकलत निघाली. डॉक्टरने चोरून पाहिलं. लालही शेजारीच होती, तशीच.

"वारा फार आहे," डॉक्टर म्हणाला.

"फार म्हणजे फारच," कमोडोर म्हणाले.

काठावरच्या झाडाचं पानही हलत नव्हतं.

बोयाला बाहेरून वळसा घालायचा असतो. आतून गेलं की दंडाची एक फेरी जास्त. डॉक्टरने पहिला बोया आतून काढला. "अरेरे! हुकला."

कमोडोरांनी जराशा काळजीने त्याच्याकडे पाहिलं आणि पुढचे दोन्ही बोये आतून काढले. "आता डोळ्यांचा काय भरवसा!"

तेवढ्यात मागून पांढरी होडी आली आणि दोघांच्या मधून सटकली.

"अगं, मध्ये काय येतेस? इथे शर्यत चाललीय!"

"सॉरी, बाबा."

थोड्या वेळाने ती पुन्हा मागूनच आली.

"अजून मागेच तू?" कमोडोर म्हणाले.

"हो ना," मुलगी म्हणाली.

डॉक्टरला तिची कीव आली. त्याच्या काळजीने बिचारीचं लक्षच लागत नसणार.

मग आईने लांब शिट्टी मारली. दंडाची असणार, असं दोघांनाही वाटलं आणि दोघांनाही बरं वाटलं. त्यांच्या नजरा एकमेकांच्या होड्यांवरून हलत नव्हत्या. एक रेंगाळली की दुसरी रेंगाळे. एक थांबली की दुसरीला अचानक शेवाळ लागे. मधेच एक बदक दोघांना मागे टाकून गेलं.

अखेर सगळ्या फेऱ्या, दंडासकट, संपत आल्या. निळी रेषेच्या वीतभर अलीकडे थांबली. लालही थांबली.

"आधी तुम्ही, काका."

"छे छे, तुम्ही पाहुणे."

"वयाचा मान असतो, काका."

"आणि जावयाचा नसतो?"

डॉक्टरच्या हातून रिमोट पडता पडता वाचला. "जावई? म्हणजे... तुम्ही..."

"म्हणजे काय! मी कधीच हो म्हटलंय. मागच्याच महिन्यात."

"मग ती काल मला म्हणाली की तुम्ही हरलात तर..."

"तुम्हाला म्हणाली?" कमोडोरांनी आवाज खाली आणला. "मला म्हणाली, डॉक्टर फार हळवे आहेत. हरले तर लग्न मोडतील. बाबा, हळू चालवा, बाकी मी बघते."

दोघांनी एकदमच पाण्यावर नजर टाकली. पाण्यात दोनच होड्या होत्या.

आई खुर्चीतून उठली आणि स्टॉपवॉच डोळ्यांपासून लांब धरून मोठ्याने वाचू लागली.

"पहिला क्रमांक, पांढरी होडी. सहा फेऱ्या, दंड शून्य. वेळ, दोन मिनिटं तीन सेकंद."