बाम लावायचा नाही

"बाबा, आज बाम लावायचा नाही. त्या वासानं हरणं पळतात," हॅमिल्टनहून निघतानाच मिलिंदनं बजावलं होतं. जंगलाच्या कडेला त्यानं जॅकेटवर हरिणीच्या वासाचा फवारा मारला, नराची साद काढायची जादा नळी वडिलांच्या हातात दिली, म्हणाला, "गाडीतच वाजवत बसा," आणि रायफल घेऊन आत गेला.

थंडीनं गुडघे ठणकले, तसा जयवंतरावांनी चोरून बाम चोळलाच. तेवढ्यात झाडीतून नर हरणाची साद आली. ते हरखले. आयुष्यात एकदा तरी पोराच्या उपयोगी पडावं, म्हणून खाली उतरले आणि नेच्यांच्या आडोशानं वाकून पुढे सरकत नळी फुंकू लागले. प्रत्येक फुंकरीला उत्तर येत होतं, आणि दर वेळी जवळून.

मग साद अचानक थांबली. बामानंच घात केला, पोराची शिकार आपणच घालवली, या विचारानं ते ओशाळून उभे राहिले.

समोरच्या झाडीतून पांढराफटक पडलेला मिलिंद बाहेर आला.

"बाबा... तो वास आला, म्हणून चापावरचं बोट काढलं."