धुतलेले मोजे

शेवटचं कासव माळावर सोडून तो घरी आला आणि म्हणाला, "सुटलो बुवा!"

बायकोनं हातच जोडले. "आता मोबाइलवरच्या त्या जाहिरातीही पुसून टाका." त्यानं तिच्यादेखत पुसल्या. एकेकाळी त्या माळावर पावलागणिक कासव दिसायचं. त्यानं ती पकडून, विकून माळ ओस पाडला होता. पण आज निदान हात तरी मोकळे झाले.

पार्सलमधून नखांचा आवाज येऊ नये म्हणून तो प्रत्येक कासव मोज्यात कोंबायचा आणि वरून चिकटपट्टी गुंडाळायचा. उरलेले मोजे बायकोनं खसाखसा धुऊन गच्चीवर वाळत घातले.

संध्याकाळी ते काढायला तो वर गेला. ऊन कधीच उतरलं होतं, तरी मोजे हाताला कोमट लागले, अंगाच्या उबेसारखे. माळ तुडवून पाय ठणकत होते. त्यानं एक जोड तिथंच चढवला आणि भिंतीला टेकून बसला. काय बरं वाटलं!

इतकं बरं, की त्यानं गुडघे पोटाशी घेतले. मग हात आत घेतले. मग मान.

"अहो, वरच झोपलात की काय?" खालून बायकोची हाक आली. ओ द्यावी, असं त्याच्या मनातच आलं नाही. आत अंधार होता, ऊब होती, कसलाही घोर नव्हता.

तेवढ्यात अगदी कानाशी कुणीतरी चिकटपट्टी ओढली. खर्रकन.