कडूबाचं वय

कन्नडजवळच्या आमच्या गावात रेव्हरंड शमुवेल दांडगे चर्च सांभाळायचे आणि उरलेल्या वेळात गावावर कादंबऱ्या लिहायचे. माणसांची नावं ते बदलत नसत, त्यामुळं पुस्तक आलं की महिनाभर चारदोन घरांत अबोला असायचा.

पहिल्या कादंबरीत त्यांनी भागूबाईचा दहा वर्षांचा कडूबा विहिरीत बुडाल्याचं लिहिलं, जसं घडलं तसं. भागूबाईनं ते शेजारणीकडून वाचून घेतलं आणि त्यांना चर्चच्या दारात गाठलं.

"पाळकसाहेब, त्याला वर काढा."

"भागूबाई, घडलेलं कसं बदलू?"

"मेलेला तिसऱ्या दिवशी उठला, असं दर रविवारी सांगता. माझ्या लेकराला तर नुसतं विहिरीतून काढायचंय."

दुसऱ्या आवृत्तीत कडूबा वर आला. शेवट पटत नाही, असं टीकाकारांनी लिहिलं. भागूबाईला पटला.

"मंग पुढं काय झालं त्याचं?" तिनं विचारलं.

म्हणून साहेबांना पुढची कादंबरी लिहावी लागली, मग त्याच्या पुढची. कडूबा साखर कारखान्यात लागला, त्याचं लग्न झालं, गारखेड्याला घर झालं. नवव्या कादंबरीत त्याला टक्कल पडलं.

"बापावर गेलाय," भागूबाई म्हणाली.

दहाव्या कादंबरीत त्याच्या लेकीचं लग्न ठरलं, आणि साहेब वारले.

दफनाच्या वेळी भागूबाई सगळ्यांत जास्त रडली. शहरातून आलेल्या नव्या पाळकांनी तिला हात धरून बसवलं.

"आजी, वय काय होतं?"

"बावन," भागूबाई म्हणाली. "लेकीचं लगीन बी बघितलं नाय त्यानं."