नाकातले छर्रे

प्लास्टिकचं विमान टेबलावर ठेवलं आणि ते मागं झुकलं. पुढचं चाक अधांतरी, नाक छताकडं आणि शेपटी टेबलाला टेकलेली.

श्रीनिवासरावांनी ते बोटानं पुढं दाबलं. बोट काढलं की परत मागं. असं तीनदा झालं.

"हे असं काहून बसलंय हो?" शेजारचे नानासाहेब बशीतला चहा फुंकत म्हणाले. मूळचे फुलंब्रीचे. या घरात नवीन विमान तयार झालं की त्यांना चहाला बोलवायचं, ही पंचवीस वर्षांची रीत. "लई घाई दिसतीय याला. धावपट्टी नाय, काय नाय, इथूनच सुटतंय बघा रॉकेटवानी."

एरवी श्रीनिवासरावांनी त्यांना दोन शब्द सुनावले असते. आज त्यांनी विमान चौथ्यांदा पुढं दाबलं, आणि त्यांच्या बायकोनं, भानुमतीबाईंनी, हातातली किटली खाली ठेवली.

साठ विमानं होती त्या घरात, सगळी नवऱ्यानं हातानं जोडलेली. आधी शोकेस भरली, मग फ्रिजचा माथा, मग देवघराची वरची फळी. तिथं मात्र बाई कडाडल्या होत्या, "देवांच्या डोक्यावर बॉम्ब टाकणारं विमान? उचला आधी!" चाळीस वर्षं त्यांनी या प्लास्टिकच्या संसाराला नावं ठेवली, आणि चाळीस वर्षं एकेका पंखावरची धूळ मऊ ब्रशनं त्यांनीच झाडली.

गेल्या वर्षी श्रीनिवासरावांचा उजवा हात थरथरायला लागला. चिमट्यात भाग टिकेना. हे एकसष्टावं, मिग-२१, खोक्यातच राहिलं असतं. शेवटी बाईच म्हणाल्या, "तुम्ही सांगा, मी करते. मोदकाच्या कळ्या पाडणाऱ्या हाताला हे काय जड आहे?"

दीड महिना ते सांगत गेले, त्या करत गेल्या. एकदा सांगितलेलं परत विचारलं की ते खेकसायचे. म्हणून बाईंनी लोणच्याची प्रमाणं लिहिलेली वही उलटी केली आणि मागच्या पानांवर एकेक सूचना, आकडे घालून, पेन्सिलनं उतरवली.

"छर्रे," श्रीनिवासराव हळूच म्हणाले.

"काय?"

"नाकात वजन लागतं याच्या. धडाचे दोन भाग जोडायच्या आधी आत सायकलचे छर्रे चिकटवायचे. नाहीतर शेपूट जड होते. पहिलंच विमान करणारी पोरं करतात ही चूक." त्यांनी थरथरता हात मांडीखाली दाबून धरला. "मी सांगायचंच विसरलो, भानू."

छर्रे तिथंच होते, टेबलाच्या कोपऱ्यात, जुन्या कुंकवाच्या वाटीत. पहिल्याच दिवशी क्रांती चौकातल्या सायकलच्या दुकानातून श्रीनिवासरावांनी स्वतः आणून ठेवलेले. बाई रोज वाटी उचलून खालची धूळ पुसत आणि वाटी परत जागेवर ठेवत.

"डॉक्टरला मी काय म्हणालो होतो? हात गेलाय, डोकं शाबूत आहे." डाव्या हातानं त्यांनी विमान दूर सारलं. "सोमवारी तो परत विचारेल, काका, विसरायला होतं का? काय सांगू त्याला?"

हात गेला तेव्हा हा माणूस रडला नव्हता. आता त्याचे डोळे भरले होते आणि बाईंना ते बघवेना.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. चष्मा लावला, वही उघडून अगदी जवळ धरली. "हे बघा. पाच, वैमानिकाची खुर्ची बसवणे. सहा, नाकात छर्रे चिकटवणे, वाळू देणे. सात, धडाचे दोन भाग जोडणे."

"मी सांगितलं होतं?"

"मग काय मी मनचं लिहिलं? मला काय कळतंय त्यातलं! त्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या व्हायला लागल्या, मी उठले, आणि आल्यावर सरळ सातला हात घातला. माझं चुकलं."

'माझं चुकलं' हे शब्द त्या घरानं बाईंच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले. नानासाहेब त्यांच्या शेजारीच बसले होते. त्यांनी चमकून बाईंकडं पाहिलं, मग वहीच्या पानाकडं, आणि चहाचा घोट घेतला.

"एवढं सांगूनही?" श्रीनिवासराव ताठ झाले. "अगं, साठ विमानं केली मी! एकाची तरी शेपूट टेकली का? लक्ष कुठं असतं तुझं?"

"चुकलं म्हटलं ना."

"आता नाक कापावं लागणार. छोटी करवत कुठंय माझी? नानासाहेब, बघितलंत? एक गोष्ट नीट ऐकेल तर शपथ!"

"व्हय, व्हय," नानासाहेब म्हणाले. "वहिनींचं लक्षच नसतं."

श्रीनिवासराव करवत शोधायला आतल्या खोलीत गेले. त्यांच्या पुटपुटण्याला जुनी धार आली होती. सोमवारी डॉक्टरांना खरं ते सांगायला हवंच होतं. ते बाई सांगणार होत्या, यांना बाहेर बसवून. पण करवत घेऊन आल्यावर ते वही मागणार, हेही बाईंना पक्कं ठाऊक होतं.

वहीत पाचच्या खाली सरळ 'सहा, धडाचे दोन भाग जोडणे' असं होतं. मधे जेमतेम बोटभर जागा. बाईंनी अक्षर बारीक करून छर्र्यांची ओळ त्यात बसवली. मग सहाचे सात करायचे होते, सातचे आठ, असं करत पार एकतिसापर्यंत.

नानासाहेबांनी टेबलावरचं खोडरबर त्यांच्याकडं सरकवलं आणि आतल्या खोलीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "सावकाश शोधा, श्रीनिवासराव! काय बी घाई नाय!"