अविनाशची शुगर

तिळाचा लाडू अविनाशच्या तोंडापाशी पोचला होता. तेवढ्यात तिळगूळ वाटणाऱ्या नीलाताईंनी त्याचं मनगट धरलं.

"अविनाशराव, शुगर आहे ना तुम्हाला? ठेवा तो खाली."

दिल्लीच्या मराठी मंडळाची बस दर संक्रांतीला पानिपतला, मराठ्यांच्या लढाईच्या काला अंब इथल्या स्मारकापाशी येते. आधी पुष्पहार, मग तिळगूळ. अविनाशची शुगर मंडळात लहानथोरांना पाठ होती. ती जाहीर केली होती त्याच्या बायकोनं, कुमुदनं. नऊ वर्षांपूर्वी गणपतीच्या आरतीत तो झोकांडी जाऊन पडला, तेव्हा. दारूपेक्षा शुगर सभ्य. मग ऑफिसलाही तीच कळवली गेली. तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात त्याच्यापुढे बिनसाखरेचा चहा यायचा आणि बिचारा तो निमूट प्यायचा.

दारू सोडून आता आठ महिने झाले होते. अविनाश रात्री गाढ झोपायचा. झोप उडाली होती ती कुमुदची. बाहेर पडताना ती अजूनही पिशवीत त्याचा जादा शर्ट, लिंबू आणि ओला नॅपकिन भरायची. आज वाटेत मुरथलच्या ढाब्यावर तो चहाला उतरला, तशी तीही मागोमाग उतरली. काहीबाही विचारायच्या निमित्तानं तीनदा त्याच्याजवळ जाऊन तिनं वास घेतला. तिन्ही वेळा नुसता चहातल्या आल्याचा. तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं ते दुसरंच काहीतरी, आणि त्याकडे बघायला तिला सवड नव्हती.

अविनाशनं मनगट सोडवून घेतलं.

"मला शुगर कधीच नव्हती, नीलाताई. मी दारू प्यायचो. आता सोडली."

तिळगुळासाठी उभ्या असलेल्या माणसांपैकी कुणीतरी उगाच मफलर सारखा केला.

"चेष्टा करताहेत," कुमुद हसत म्हणाली. "शुगर वाढली की असंच बोलतात."

नऊ वर्षांत इतकं सफाईदार खोटं तिला कधी जमलं नव्हतं. अविनाश तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं लाडू तोंडात टाकला, सावकाश चावून संपवला आणि एकटाच स्मारकाकडे चालू लागला.

नीलाताईंची हयात शाळेत शिकवण्यात गेली होती. त्यांनी तिळगुळाचा डबा दुसऱ्याच्या हातात दिला आणि कुमुदला जरा बाजूला घेतलं.

"कशी आहेस तू?"

"अगदी छान आहेत. आठ महिन्यांत एक थेंब नाही घेतला," कुमुद बोलून गेली.

"त्यांचं कळलं गं. मी तुझं विचारतेय."

कुमुदनं तोंड उघडलं. उत्तर शोधत तिची नजर दूर चाललेल्या अविनाशच्या पाठीवर गेली, आणि आपली नजर दर वेळी तिथंच जाते हे आज पहिल्यांदा तिला दिसलं.